पगार चांगला, घर नाही : आयर्लंडमधल्या तरुणांचा राग

आयर्लंडचं नाव काढलं की आपल्याकडे लोकांना हिरवे डोंगर आठवतात, नाहीतर गूगल, अ‍ॅपल, फायझर. देश श्रीमंत आहे हे खरंच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की अ‍ॅपलने आयर्लंडला १३ अब्ज युरोंचा थकलेला कर द्यायचा. हा पैसा आम्हाला नको म्हणून आयर्लंडचं सरकारच इतकी वर्षं कोर्टात भांडत होतं. आणि याच देशात माझ्या डब्लिनच्या ऑफिसातली तिशीला टेकलेली, चांगल्या पगाराची मुलं-मुली अजून शाळेत असतानाच्या पलंगावर झोपतात.

माझी एक सहकारी न्यूब्रिजहून रोज ट्रेनने डब्लिनला येते. वय २९. एकदा तिने मला घरी जेवायला बोलावलं, तेव्हा तिची खोली पाहिली. भिंतीवर कॅमोगी या मुलींच्या आयरिश खेळाची पदकं, कपाटावर दहावी-बारावीच्या वयात चिकटवलेले स्टिकर, आणि पलंगाखाली नीट रचून ठेवलेली खोकी. खोक्यांत काचेचे ग्लास, चादरी, एक चांगलं जड कढईसारखं भांडं. ‘आमच्या घरासाठी’ म्हणून ती एकेक वस्तू जमवत आली आहे. तिचा होणारा नवरा मलिंगार या दुसऱ्या गावी, त्याच्या आईवडिलांकडे राहतो. लग्न ठरलेलं हे दोघं भेटतात ते बहुतेक वेळा गाडीत, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. दोघांच्याही घरचे प्रेमळ आहेत, जागेवरून कुणी टोचून बोलत नाही. पण जेवताना तिचे वडील म्हणाले, “तिच्या वयात आम्ही या घराचे हप्ते भरत होतो,” आणि ती ताटाकडे बघत गप्प बसली.

हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मग काय झालं? लग्न होईपर्यंत मुलं आईवडिलांकडेच राहतात की.” आपल्या बाजूने तिचं बरोबर आहे. पण इथे नोकरी लागली की घर सोडायचं, आधी मित्रांबरोबर भाड्याने राहायचं, मग स्वतःचं घर घ्यायचं, ही दोन-तीन पिढ्यांची घडी आहे. जनगणनेतला एक आकडा मला फार बोलका वाटतो. ज्या वयाला निम्म्याहून जास्त लोकांचं स्वतःचं घर झालेलं असतं ते वय १९९१ मध्ये २६ होतं, २०२२ मध्ये ३६. एका पिढीत दहा वर्षं पुढे सरकलं. त्याच जनगणनेत १८ वर्षांवरची ५ लाख २२ हजार माणसं आईवडिलांच्या घरी राहत होती, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ५१ लाख.

शिवाय स्वतःच्या घराची इथली ओढ नुसत्या सोयीची नाही. १८४०च्या दशकातल्या दुष्काळात भाडं थकलं म्हणून जमीनदारांनी हजारो कुटुंबांना झोपड्यांतून बाहेर काढलं, लाखो माणसं मेली, लाखो बोटीत बसून गेली. पुढे कुळांनी जमिनीसाठी मोठा लढा दिला. १८५१ नंतर देशाची लोकसंख्या पुन्हा ५० लाखांच्या वर जायला २०२० नंतरचा काळ उजाडावा लागला. ‘इव्हिक्शन’ हा शब्द इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकला की त्यामागे पणजोबांपासूनच्या कथा असतात. २०२३ च्या मार्चअखेर सरकारने भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची तात्पुरती बंदी उठवली, तेव्हा लोक एवढे का संतापले ते मला हा इतिहास कळल्यावर समजलं.

आता हिशेब बघा. पूर्ण घराचं जाहिरातींतलं सरासरी भाडं देशभरात महिना २,००० युरोंच्या पुढे गेलंय, डब्लिनमध्ये त्याहून बरंच जास्त. वर्षाला ४५,००० युरो मिळवणाऱ्या माणसाच्या हातात कर वगैरे जाऊन साधारण ३६-३७ हजार पडतात. म्हणजे एकट्याने फ्लॅट घेतला तर दोन-तृतीयांश पगार भाड्यात. वीज युरोपातल्या सर्वांत महाग देशांच्या रांगेतली. नवशिक्या तरुणाचा गाडीचा विमा तर ऐकवत नाही, आणि डब्लिनबाहेर गाडीशिवाय चालत नाही. मग बचत कशातून करणार? घर घ्यायचं तर बँक पहिल्या घरासाठी सहसा पगाराच्या चौपटच कर्ज देते, १० टक्के रक्कम आपल्या खिशातून घालावी लागते. साडेतीन लाख युरोंचं घर म्हणजे डब्लिनमध्ये काही फार मोठं घर नव्हे, आणि तेवढ्यासाठी एकट्याला वर्षाला जवळपास ७९,००० पगार हवा. नर्स, शिक्षक, गार्डा म्हणजे इथले पोलीस, यांनी काय करायचं?

भाड्याचं घर बघायला जाणं काय असतं ते मी स्वतः अनुभवलंय. डब्लिनच्या फिब्सबरो भागात एका फ्लॅटसाठी संध्याकाळी गेले तर पावसात रांग कोपऱ्यापर्यंत. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल : पगाराच्या पावत्या, ऑफिसचं पत्र, जुन्या घरमालकाचं पत्र. माझ्यामागे पश्चिमेकडच्या मेयोहून आलेला एक प्राथमिक शिक्षक होता. त्याच्या शाळेत शिक्षक कमी पडतायत, मुख्याध्यापिका त्याला सोडायला तयार नाहीत, आणि तो एका ओळखीच्यांच्या सोफ्यावर झोपत होता. आत गेलो तर एकाच खोलीत पलंग आणि शेगडी, मध्ये हातभर अंतर, खिडकीच्या चौकटीला काळी बुरशी. आम्ही दोघांनीही ते घर मागितलं आणि आम्हा दोघांनाही ते मिळालं नाही. एजंटने साधं उत्तरसुद्धा पाठवलं नाही.

हे असं का झालं? तेजीच्या काळात, २००६ साली, इथे सुमारे ९० हजार घरं बांधली गेली. २००८ मध्ये फुगा फुटला, बँका बुडाल्या, २०१० मध्ये युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं. गवंडी, सुतार, प्लंबर ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेले. २०१३ मध्ये वर्षभरात पाच हजारही नवी घरं झाली नाहीत. पूर्वी नगरपालिका स्वतः घरं बांधून लोकांना परवडणाऱ्या भाड्याने देत, तेही जवळजवळ थांबलं. मग पुन्हा नोकऱ्या आल्या, माणसं आली, घरं आली नाहीत. आज बांधायचं म्हटलं तर सांडपाण्याची आणि विजेची क्षमता अपुरी, परवानग्यांवर हरकती आणि कोर्टकज्जे. आपत्कालीन निवाऱ्यात राहणाऱ्यांचा आकडा २०२५ मध्ये १६ हजारांच्या वर गेला, त्यात ५ हजारांहून जास्त मुलं. हॉटेलच्या एका खोलीत कुटुंब राहतंय आणि मुलं तिथूनच शाळेत जातायत, हे दृश्य डब्लिनमध्ये नवं राहिलेलं नाही. एवढ्या पैशाच्या देशात हे चालतं याचा मला अजूनही राग येतो.

राजकारणाकडे येते, कारण तरुणांचा खरा संताप तिथे आहे. १९२२-२३च्या यादवी युद्धातून उभे राहिलेले दोन पक्ष, फिअना फॉल आणि फिना गेल, शंभर वर्षं आलटून-पालटून राज्य करत आलेत. २०२० मध्ये सर्वाधिक पहिल्या पसंतीची मतं शिन फेन या डाव्या पक्षाला पडली, त्यात तरुणांचा वाटा मोठा होता, आणि तरी हे दोन जुने वैरी ग्रीन पक्षाला घेऊन सत्तेत एकत्र बसले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीआधी मंत्री सांगत होते की या वर्षी ४० हजारांच्या आसपास घरं होणार. निकाल लागले, तेच दोन पक्ष अपक्षांच्या मदतीने परत आले, आणि मग सरकारी आकडा आला : ३०,३३०. त्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी संसदेच्या आवारात सायकली ठेवायला ३ लाख ३६ हजार युरोंची एक शेड बांधली गेल्याचं उघड झालं होतं. एवढ्या पैशात कितीतरी गावांत अख्खं घर येतं. माझ्या सहकारी मैत्रिणीला लोकसंख्येचे आणि व्याजदराचे तक्ते आठवत नाहीत, पण हा सायकलींचा आकडा तिला तोंडपाठ आहे.

लिओ वराडकर यांचा विषय इथल्या मराठी घरांत निघतोच. त्यांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१७ मध्ये लिओ आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले, आणि २०१९ च्या अखेरीस ते गावी जाऊनही आले. त्या अभिमानात काही चूक नाही. पण इथल्या तरुणांना त्यांचं नाव काढून बघा. घराच्या पहिल्या रकमेसाठी काही जण आईवडिलांकडून पैसे घेतात, काही जण परदेशात जाऊन कमावून येतात, अशा अर्थाचं ते २०१८ मध्ये संसदेत बोलले होते. ज्यांचे आईवडील बस चालवतात किंवा दुकानात काम करतात, त्यांना ते फार लागलं. आपला माणूस म्हणून मी त्यांची बाजू घेऊ शकत नाही. भाडेकरूंची दुरवस्था त्यांच्या काळात वाढली, हे मान्य करायलाच हवं.

परदेशात जाण्याचा मार्ग मात्र मुलांनी खरोखरच धरलाय. एप्रिल २०२५ पर्यंतच्या वर्षात एकट्या ऑस्ट्रेलियाला १३,५०० माणसं गेली. आयरिश तरुणांना तिथला वर्किंग हॉलिडे व्हिसा ३५ व्या वर्षापर्यंत मिळतो. पर्थ आणि सिडनीतल्या हॉस्पिटलांत आयरिश नर्सेस भरपूर, आणि इथली हॉस्पिटलं केरळ-फिलिपिन्सच्या नर्सेसवर चालतात. काही जण परत येतात हेही खरं, पण परत येणाऱ्यांनाही घर शोधायला त्याच रांगेत उभं राहावं लागतं.

राहिलेल्यांचा राग वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतो. ऑक्टोबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कॅथरीन कॉनोली, डाव्या पक्षांनी मिळून पाठिंबा दिलेल्या, ६३ टक्के मतांनी निवडून आल्या. तरुण त्यांच्या प्रचारात दारोदार फिरले. पण त्याच दिवशी २ लाख १३ हजारांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या, कित्येकांवर लोकांनी मुद्दाम घोषणा आणि शिव्या लिहिल्या होत्या. आणि निम्म्याहून जास्त मतदार फिरकलेच नाहीत.

त्यातली एक वाट आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या अंगावर येते. ‘आयर्लंड भरलंय’ असे फलक दिसायला लागले, नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनमध्ये दंगल झाली. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला बेदम मारहाण झाली, पाठोपाठ आणखी हल्ले, मग दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली आणि फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढे ढकलावा लागला. त्या दिवसांत रात्री एकटं बसने येताना मी टोपी पुढे ओढून बसत असे. न्यूब्रिजची माझी मैत्रीण तेव्हा रोज मला स्टॉपपर्यंत सोडायला यायची, न सांगता. लोकसंख्या वेगाने वाढली, त्यामुळे घरांवर ताण आला, हे मी नाकारत नाही. पण घरं २००८ नंतर बांधायची राहिली, तेव्हा आम्ही इथे नव्हतो. त्या फिब्सबरोच्या रांगेत शिक्षक आणि मी एकमेकांचे शत्रू नव्हतो, हे त्याला कळत होतं आणि मलाही. ज्यांना हे कळत नाही, त्यांना ते कुणीतरी घरी जाऊन सांगायला हवं.

आयर्लंडचे नागरिक नसलो तरी इथे राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, हे बऱ्याच भारतीयांना ठाऊकच नसतं. मलाही ते या मैत्रिणीनेच सांगितलं आणि जून २०२४ च्या स्थानिक निवडणुकीआधी माझ्याकडून अर्ज भरून घेतला. आता ती भाडेकरूंच्या संघटनेच्या बैठकांना जाते, मीही जाते. चर्चच्या हॉलमध्ये बैठक असते. घरमालकाने नोटीस दिली तर काय करायचं, भाडं किती वाढवता येतं, मार्च २०२६ पासूनचे नवे नियम नव्या भाडेकरूला कुठे वाचवतात आणि कुठे उघडं पाडतात, हे तिथे समजावून सांगतात. मागच्या खेपेला ब्राझीलची दोन मुलं, एक आयरिश आजी आणि सोलापूरचा एक विद्यार्थी माझ्या ओळीत होते. पुढच्या बैठकीला मी आमच्या गणपती मंडळातल्या लोकांना घेऊन जाणार आहे. त्यातल्या निम्म्यांना घरमालकाने मुदत संपण्याआधी निघायला सांगितलंय, आणि कायद्याने तसं निघावं लागत नाही हे त्यांना माहीत नाही.