स्पितीचं बजेट काझापर्यंत बरोबर, पुढे बोंबललं

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याची ट्रिप: शिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा, चंद्रताल तलाव, मनाली. २२ दिवस, दादर ते दादर माणशी ३० हजार धरलेले, झाले ३८. वरचे आठ हजार जवळजवळ सगळे काझा ते मनाली या शेवटच्या तुकड्यात गेले म्हणून त्याबद्दलच लिहितो. किन्नौर, ताबो वगैरेला काही टेन्शन नाही, सरकारी बस जाते, होमस्टेत दोन वेळच्या जेवणासकट हजाराच्या आत भागतं.

जाण्याआधी ज्याला विचारलं तो म्हणाला काझाहून शेअर टॅक्सी मिळते. मिळते हो, पण ती थेट मनालीची! चंद्रतालचा फाटा कुंझुम खिंड उतरल्यावर बातलच्या अलीकडे लागतो, तिथून आत तेराचौदा किलोमीटर, बस नाही, म्हणजे पूर्ण गाडीच करायची. आम्ही दोघं, सप्टेंबरअखेर, जोडीला कोणी मिळेल म्हणून काझात दोन दिवस फुकट काढले, शेवटी नऊ हजारात गाडी ठरवली आणि वाटेत लोसारला चहा पिताना ड्रायव्हर म्हणतो रात्रीच्या मुक्कामाचे दोन हजार वेगळे. तिथे भांडून काय करणार, दुसरी गाडी नाही, दिले. अजूनही डोकं तापतं. म्हणून रात्रीचा मुक्काम, वेटिंग, मनालीत नक्की कुठे सोडणार, सगळं आदल्या दिवशी कागदावर लिहून घ्या.

चंद्रतालला तंबूचे माणशी २२०० गेले. तलावाकाठी तंबू लावू देत नाहीत, कॅम्प बराच अलीकडे आहे, हे धरून चाला.

रोख पैसे रेकाँग पिओलाच काढा, माणशी किमान १२ हजार. काझात आम्ही होतो तेव्हा एटीएम रिकामं आणि नेटवर्क गेलेलं, म्हणजे यूपीआयही नाही.

हाच रूट उलटा मनालीकडून अजिबात सुरू करू नका, एका दिवसात चार हजार मीटरच्या वर जाता, डोकं धरून बसाल आणि आरामाचे जादा दिवस बजेटमध्ये घुसतील.

काझात चौघं जमले तरच चंद्रताल करा असं मी रात्री कुडकुडत ठरवलं होतं. पण पहाटे तलावाशी गेलो, वारा अजिबात नव्हता, अख्खा डोंगर पाण्यात उलटा दिसत होता. जाऊनच या. फक्त परत निघताना सहाला गाडीत बसा, दुपारी बर्फ वितळून बातल ते ग्राम्फू या मनालीच्या वाटेवरच्या नाल्यांना पाणी चढतं. आम्ही दहाला निघालो आणि एका नाल्यापाशी तीन तास अडकलो.