स्पितीला किन्नौरकडूनच जा

मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे एका दमात काझा, म्हणजे हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याचं मुख्य गाव, गाठणारे बरेच जण पहिली रात्र डोकं धरून काढतात. त्यापेक्षा शिमला–रामपूर–कल्पा–नाको–ताबो असं जावं. उंची हळूहळू वाढते, शरीर सरावतं. पण हा रस्ता मी सुचवतोय तो मुख्यतः दगडांसाठी.

रामपूरच्या पुढे कातळ पोखरून काढलेला रस्ता लागतो. हा ‘नाइस’ (gneiss) नावाचा खडक. भारताची प्लेट आशियाला भिडली, तेव्हा खोलवर भाजून-दाबून निघालेला आणि मग वर आलेला दगड. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून वळणं घेत नाकोला चढायचं, आणि सुमदोच्या पुढे दगडच बदलतो. राखाडी, पिवळसर, तपकिरी थर. कुठे उभे, कुठे पार मुडपलेले. हा टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ. भारत उत्तरेकडे सरकत होता तेव्हा मधे हा समुद्र होता. आपला सिंहगड ज्या बेसाल्टचा, तो लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला, तेव्हाही टक्कर व्हायचीच होती. ती झाली साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी, आणि थांबलेली नाही. हिमालय अजून दरवर्षी सुमारे 2 सेंटीमीटर चेपला जातोय.

ताबोचा मठ इ.स. 996 चा. 19 जानेवारी 1975 च्या किन्नौर भूकंपात त्याचं नुकसान झालं. गंमत म्हणजे तो भूकंप दाबामुळे नाही, तर जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेल्यामुळे झाला. टकरीच्या प्रदेशात असंही होतं. आतली भित्तिचित्रं बघायला टॉर्च न्या. फोटो काढू देत नाहीत.

काझाजवळच्या लांग्झा गावाला मात्र अख्खा दिवस द्या. सगळे बुद्धमूर्तीपाशी फोटो काढून हिक्कीमच्या पोस्टात पत्र टाकायला पळतात. तुम्ही गावातलाच कुणीतरी वाटाड्या घेऊन ओढ्याकडे उतरा. तिथली काळी शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला थराथराचा दगड, बोटाने खरवडली तरी पापुद्रे सुटतात. त्यात बटाट्याएवढे घट्ट गोळे सापडतात, आणि एखादा फुटलेला असला की आत अमोनाइटचा, म्हणजे कधीच नामशेष झालेल्या एका समुद्री प्राण्याचा, वेटोळा, त्यावरच्या बारीक उंचवट्याच्या रेघांसकट. देवघरातला गंडकीचा शाळिग्राम याच समुद्रातला. समुद्रसपाटीपासून 4,400 मीटरवर उभं राहून शंखाच्या जातीचा प्राणी बघताना मला तरी बराच वेळ बोलायला सुचलं नाही. बघा, फोटो काढा, जागेवर ठेवा. कुणी विकायला आणला तरी घेऊ नका. मागणी असेल तोवर डोंगर उकरला जाणारच. पहिल्याच दिवशी इथे मुक्काम टाकू नका, झोप काझात घ्या.

वेळ उरला तर पिन खोऱ्यात मुद गावी जा. तिथल्या पांढऱ्या क्वार्ट्झाइटला, म्हणजे वाळूच्या घट्ट झालेल्या दगडाला, भूशास्त्रात या गावाचंच नाव आहे. 1860 च्या दशकात फर्डिनांड स्टोलिच्का या भूशास्त्रज्ञाने हे थर पायी हिंडून नोंदवले. आपल्याला गाडीतून उतरायचा कंटाळा.

जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या बाजूला दरडी कोसळतात, त्यामुळे सप्टेंबर उत्तम. हातात एक जादा दिवस असू द्या. पेट्रोल काझात भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. परतताना कुंझुममार्गे मनालीला उतरता येतं, पण लोसरनंतरचा रस्ता खराब आहे. बुटकी गाडी असेल तर आल्या वाटेनेच मागे फिरा.