तुम्ही विचारलंत म्हणून : दुकानापुढची पायरी

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. वडिलांच्या मागे ते मी चालवते आणि गेली काही वर्षे आमच्या ओळीतल्या दुकानदारांची सामाईक कामेही पाहते. त्यामुळे गिऱ्हाइके, नातेवाईक आणि इतर शहरांतले व्यापारी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : जत्रा, फेस्ते (चर्चचे सण), उत्सव यांनी शहरातली जुनी बाजारपेठ खरोखर सावरते का, की दोन दिवस गर्दी होते आणि मागे फक्त कचरा राहतो? याच प्रश्नाला जोडून दुसराही प्रश्न येतो की, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत तुमच्या दुकानाच्या तोंडावर दुसऱ्या बायका बसून विकतात, ते तुम्ही कसे चालवून घेता? काउंटरवर उभ्या उभ्या मी नेहमी अर्धेच उत्तर देते, कारण तेवढ्यात कोणीतरी समई दाखवा म्हणते. आज पूर्ण उत्तर लिहिते आहे.

माझ्या मते उत्सवाने बाजार सावरतो, परंतु किती माणसे आली यावर ते ठरत नाही. तो उत्सव भरवण्यासाठी बाजारातल्या प्रत्येकाने दुसऱ्यासाठी काय सोडले, यावर ते ठरते. कोणी जागा सोडतो, कोणी वेळ, कोणी आपल्या नफ्यातला थोडा भाग. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. आमच्या दुकानाच्या पायरीवर मी ते लहानपणापासून पाहत आले आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) फळे, फुले, पाने बांधतात. तिला माटोळी म्हणतात. नारळ, सुपारीचे शिपटे, तोरंजन, निरफणस, आंबाडे, कवंडळ अशी कितीतरी फळे तिच्यात असतात आणि ती बांधायला केवणीची दोरी लागते. यातले बरेचसे सामान शहरात पिकत नाही. सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांतल्या बायका ते रानातून गोळा करून चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस म्हापसा, पणजी, फोंडा, मडगावच्या बाजारांत घेऊन येतात आणि मिळेल त्या जागी गोणपाट अंथरून बसतात.

सत्तरीतली अशी एक मावशी दरवर्षी आमच्या पायरीवर बसत असे. शेजारच्या दुकानदारांनी वडिलांना अनेकदा सांगितले की तिच्यामुळे तुमची वाट अडते, ऐन धंद्याच्या दिवसांत गिऱ्हाईक आत कसे येणार? वडिलांनी तिला कधी उठवले नाही आणि भाडेही घेतले नाही. मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाये, ती बसते म्हणून माणूस आपल्या दारात थांबतो. एरवी तो पुढे निघून गेला असता." ते खरे होते, याची साक्ष मी देऊ शकते. माटोळीचे सामान घाईने घेता येत नाही. फळ हातात घेऊन पाहावे लागते, घासाघीस होते, घरी काय आहे आणि काय राहिले आहे याची उजळणी होते. तेवढ्या वेळात थांबलेल्या माणसाची नजर आत जाते आणि त्याला आठवते की निरंजन फुटले आहे, घंटा घ्यायची आहे, नव्या लग्नाच्या लेकीकडे पाठवायच्या व्हज्यासाठी (सणाच्या भेटीसाठी) एखादे भांडे हवे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी उमगली. शेवटच्या संध्याकाळी सगळे सामान संपले की ती मावशी आणि तिच्याबरोबरच्या बायका आलेल्या पैशांतून खरेदी करीत. कोणी आमच्याकडून टोप घेई, कोणी पुढच्या दुकानातून मुलांना कपडे, कोणी भुसाऱ्याकडून गूळ आणि डाळ. सकाळी बाजारात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत बाजारातच चार हात फिरून मग गावाला जाई. बाहेरचा ठेकेदार तंबू ठोकून आपला माल विकतो आणि रात्री गाडी भरून निघून जातो, तेव्हा हे फिरणे होत नाही. गर्दी दोन्ही वेळा सारखीच दिसते, फरक गल्ल्यातल्या पैशाच्या वाटेत असतो.

आमचा शुक्रवारचा बाजारही याच पायावर उभा आहे. पोर्तुगीज अमदानीपासून बारदेश आणि पेडणे तालुक्यांतल्या गावांची माणसे शुक्रवारी म्हापशाला येत आली आहेत. मयड्याची केळी, हरमलची मिरची, मातीची भांडी, भाजी, फुले, सुकी मासळी असे ज्याच्या गावाचे जे नाव, तेच तो घेऊन येतो. या बाजाराची जाहिरात कोणी करीत नाही, कारण तो चुकत नाही. उत्सवांविषयी बोलताना या नेमाचा विचार आपण फार कमी करतो. एकदाच होणाऱ्या मोठ्या सोहळ्यापेक्षा ठरल्या दिवशी हमखास होणारी साधी गोष्ट माणसांच्या पायांना सवय लावते, आणि बाजार जगतो तो अशा सवयीवरच.

हे सगळे डोळ्यांपुढे असूनही आम्ही चूक केली. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळीतल्या दुकानदारांनी मिळून संध्याकाळचा एक उत्सव भरवला. त्यात मीही पुढे होते. मंच उभारला, रोषणाई केली, बाहेरून गाणारे बोलावले आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल एका बाहेरच्या माणसाला ठरावीक रकमेवर देऊन टाकले, कारण त्यातून मंचाचा खर्च निघत होता. दुपारपासून रस्ता बंद झाला. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना स्कूटर लावायला जागा उरली नाही, तेव्हा बहुतेकांनी दुकाने लवकर बंद केली आणि आलेल्या माणसांनी आमचा बाजार पाहिला तो खाली ओढलेल्या शटरांचा. मी रोजच्या विक्रीची वही ठेवते. त्या शनिवारची विक्री साध्या शनिवारपेक्षा कमी होती आणि पुढच्या महिन्यात एकही गिऱ्हाईक असे आले नाही, जे म्हणाले की आम्ही त्या संध्याकाळी तुमचे दुकान पाहिले होते. आम्ही वर्गणी दिली होती, पण पैशांखेरीज कोणी काहीच दिले नव्हते.

त्यानंतर मला वास्कोच्या सप्ताहाची आठवण होऊ लागली. माझे आजोळ वास्कोला, त्यामुळे लहानपणी श्रावणात आम्ही मामाकडे जात असू. दामोदराचा हा भजनी सप्ताह सव्वाशे वर्षांचा आहे. प्लेगच्या साथीत गाव हवालदिल झाले असताना जांबावलीच्या दामोदराचे श्रीफळ आणून त्याच्यापुढे अखंड भजन सुरू केले, अशी त्याची कथा सांगतात. आज नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी चोवीस तासांचे भजन सुरू होते आणि नंतर काही दिवस रस्त्यावर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते. मला लहानपणी ओढ असे ती रात्रीच्या पारांची, म्हणजे भजनी मिरवणुकांची. बाजारकर, दैवज्ञ, नाभिक, गाडेकर अशा निरनिराळ्या समाजांचे पार निघतात. प्रत्येकाचा चित्ररथ वेगळा, प्रत्येकाचे गायक वेगळे. मामा बाजारकरांच्या कामात असत. ते महिनाभर आधीपासून कोणाच्या घरी गायक उतरणार, कोण जेवण पाहणार, कोण दिवे पाहणार याचीच बोलणी करीत. दुकानात नोकरी करणारा मुलगा आणि पेढीचा मालक त्या रात्री एकाच रथाला हात लावून चालताना मी पाहिले आहेत. वर्षभर ज्यांच्यात धंद्याची चढाओढ असते, ती माणसे वर्षातून एकदा एकमेकांच्या भरवशावर मोठे काम पार पाडतात आणि मग एरवीही रस्ता, पाणी, कचरा यांविषयी एकत्र बोलणे त्यांना जड जात नाही. आमच्या उत्सवात नेमके हेच नव्हते. सगळे काम आम्ही पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतले होते.

म्हणून पुढच्या वेळी मंच उभारायचा नाही, असे ठरवले आणि जे आधीपासून होतेच, त्याच्यामागे उभे राहिलो. पावसाळ्यापूर्वी घरात भरून ठेवायच्या जिनसांना गोव्यात पुरुमेंत म्हणतात. बेगमी या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले आहे. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या वेळी पुरुमेंताची मोठी फेरी भरते. म्हापशात ईस्टरनंतर मिलाग्रीस सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेचे, फेस्त येते. शिरगावची देवी लईराई आणि ही सायबीण बहिणी आहेत असे आम्ही मानतो आणि हिंदू-ख्रिस्ती दोघेही तिला तेल वाहतात. या फेस्तापासून मृगापर्यंत मिरची, सोलां (आमसुले), चिंच, मीठ, कांद्याच्या माळा, सुके बांगडे आणि सुंगटे (कोळंबी) यांची खरेदी चालते. माणसे येतच होती. उन्हात फिरून दमत होती आणि अर्धी यादी घेऊन घरी जात होती.

आम्ही प्रथम एक कागद छापला. कोणती जिन्नस कोणत्या ओळीत मिळते, एवढेच त्यावर देवनागरीत मराठी आणि रोमी लिपीत कोंकणी अशा दोन्हींत लिहिले होते. प्रत्येक दुकानदाराने तो कागद द्यायचा आणि आपल्याकडे नसलेली वस्तू विचारली तर ज्याच्याकडे आहे त्याचे नाव सांगायचे, असे ठरले. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात दोन भुसाऱ्यांमध्ये यावरूनच अबोला झाला आणि तो मोडायला आमच्यातल्या एका वयस्कर ख्रिस्ती बेकरीवाल्या भावाला मध्ये पडावे लागले. दुसरे म्हणजे सर्वांनी रात्री आठपर्यंत दुकाने उघडी ठेवायची. नोकरी करणाऱ्या बायकांना सहाच्या आधी बाजारात येता येत नाही, हे आम्हा बायका-दुकानदारांनी मांडेपर्यंत कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

तिसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. यावर मी मुद्दाम जास्त लिहिते, कारण बाजार सुधारण्याच्या चर्चेत तिला कधी जागा मिळत नाही. खेड्यातून पहाटेच्या बसने येणारी विक्रेती बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायचे कुठे हा तिच्यापुढचा प्रश्न असतो. गिऱ्हाईक म्हणून आलेली बाई दोन तासांत याच कारणाने घरी परतते. ज्यांच्या दुकानामागे सोय आहे अशा पाच दुकानदारांनी ती बायकांसाठी खुली केली, झाडलोटीच्या बाईचा पगार सगळ्यांनी वाटून घेतला आणि किल्लीच्या पाळ्या लावल्या. माझ्या वहीत त्या हंगामापासून बायकांनी केलेली खरेदी वाढलेली दिसते. रोषणाईने जे झाले नव्हते, ते एका किल्लीने झाले.

आता पैशांविषयी, कारण खरी अडचण तिथेच आहे. वर्गणी काहीजण देतात, फायदा सर्वांना होतो आणि मग देणारेही पुढच्या वर्षी हात आखडतात. ही अडचण आपल्याकडचीच आहे असे मात्र नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागातले दुकानदार याच पेचात होते. नवी भुयारी रेल्वे आणि मॉल यांनी त्यांची गिऱ्हाइके ओढून नेली होती आणि स्वेच्छेच्या वर्गणीतून काही उभे राहत नव्हते. तेव्हा कायद्यात तरतूद करून घेऊन १९७० मध्ये त्यांनी असे मंडळ स्थापले की त्या हद्दीतला प्रत्येक व्यवसाय ठरलेली पट्टी भरील, शहराची यंत्रणा ती करासोबत गोळा करील आणि दिवे, झाडे, बाकडी, उत्सव यांवर ती कशी खर्चायची हे दुकानदारांचे मंडळ ठरवील. आज त्या एका शहरात अशी ८० हून अधिक मंडळे आहेत. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्याने अशी पट्टी लावण्यापूर्वी व्यावसायिकांचे मतदान घ्यावे लागते. मतांची संख्या आणि मालमत्तेचे करयोग्य मूल्य या दोन्हींत बहुमत लागते आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा कौल घ्यावा लागतो. बड्यांनी लहानांवर किंवा लहानांनी बड्यांवर काही लादू नये, ही त्यातली काळजी मला फार पटते.

तरीही ही रचना जशीच्या तशी इथे आणावी असे मला वाटत नाही. त्या मंडळांत कर भरणारा दुकानदार बसतो, आमच्या पायरीवरची मावशी बसत नाही. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. दुकानदारांचे मंडळ आणि ही समिती एका सतरंजीवर बसून वर्षाचा बाजार आखतील, तर आपली रचना टोरांटोहून चांगली होईल असे मी मनापासून मानते.

पणजीचे काय, असेही विचारले जाते, कारण तिथे २००४ पासून चित्रपट महोत्सव आणि २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो. हे सोहळे मोठे आहेत आणि मी आवडीने जाते. माझ्या मनात मात्र पणजीतल्याच फोंतेन्हास या जुन्या वस्तीतला तो कला महोत्सव जास्त घर करून आहे, ज्यात या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तिथल्या रहिवाशांनी आपल्या जुन्या घरांचे दिवाणखाने चित्रांसाठी उघडले होते. घरधनीच पाहुण्याला आत बोलावीत असल्यामुळे पाहुणा त्या गल्लीत पाहुण्यासारखा वागत होता.

आमच्या पायरीवरची मावशी आता येत नाही, तिची सून येते. रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने पायरी जवळजवळ जमिनीला टेकली आहे, म्हणून यंदा चवथीपूर्वी ती नव्याने बांधून घेते आहे आणि मूळच्यापेक्षा दोन हात रुंद करते आहे. एवढ्याशा दुकानाला एवढी रुंद पायरी कशाला, असे गवंड्याने काल विचारले. तो करंझाळ्याचा, त्याच्या घरी माटोळी असते. मी त्याला चवथीच्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन यायला सांगितले आहे.