व्हेन्स्त्र म्हणजे डावीकडे

2021 च्या उन्हाळ्यात मी कोपनहेगनला आले आणि डॅनिश भाषेच्या वर्गात सुरुवातीलाच रस्ता विचारायला शिकले. 'होय्र' म्हणजे उजवीकडे, 'व्हेन्स्त्र' म्हणजे डावीकडे. नोव्हेंबरात पालिकेच्या निवडणुका आल्या, खांबाखांबावर उमेदवारांचे हसरे चेहरे लटकले, आणि एका निळ्या फलकावर ओळखीचा शब्द दिसला: व्हेन्स्त्र. भाषा यायला लागली म्हणून मी खूश! शेजारचे काका जिन्यात भेटले तेव्हा विचारलं, ते निळे फलक डाव्यांचे ना? काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

(इथे सगळेच एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. मीही मारते, पण ऐंशीच्या घरातल्या माणसाचं नाव घेताना जीभ अडखळते. म्हणून लिहिताना ते काकाच.)

व्हेन्स्त्र हा डेन्मार्कमधला उजव्या बाजूचा मोठा पक्ष आहे. नाव मात्र 'डावे'. हे नाव खोटं नाही, जुनं आहे. 1870 च्या सुमारास हा शेतकऱ्यांचा गट होता आणि समोर 'होय्र', म्हणजे मोठे जमीनदार. संसदेत ज्याचं बहुमत त्याचंच सरकार, एवढी साधी मागणीसुद्धा तेव्हा डावी होती. 1901 साली ती पूर्ण झाली. पुढे शेतकऱ्यांच्या पलीकडे कामगारांचा पक्ष येऊन बसला आणि हे जागच्या जागी उजवे झाले. पाटी तेवढी बदलायची राहिली.

तो कामगारांचा पक्ष म्हणजे सोशल डेमोक्रॅट, स्थापना 1871. काका आयुष्यभर त्यांचे. जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होते, कारखाना बंद पडला, युनियनचं कार्ड अजून पाकिटात आहे. आता याही पक्षाची पाटी जुनी झाली का, यावर आमचा चार वर्षं वाद चालू आहे.

माझं म्हणणं, तेही उजवीकडे सरकलेत. आणि हे सरकणं आजचं नाही. याच पक्षाचे पोल न्यूरुप रास्मुसेन 1993 ते 2001 पंतप्रधान होते. त्यांच्याच काळात बेकारभत्त्याची मुदत कमी होत गेली. 1998 च्या निवडणुकीत त्यांनी लवकर निवृत्तीच्या योजनेला हात लावणार नाही अशी हमी दिली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिला कात्री लावली. काका हे सांगताना आजही आवाज चढवतात. 2001 मध्ये पक्ष हरला, 1924 नंतर पहिल्यांदाच सर्वांत मोठा पक्ष हा मान गेला, तोही व्हेन्स्त्रकडे. 2010 मध्ये उजव्या सरकारने बेकारभत्ता चार वर्षांवरून दोनवर आणला. 2011 ला सोशल डेमोक्रॅट्सच्या हेले थॉर्निंग-श्मिट पंतप्रधान झाल्या, दोनाचे चार काही झाले नाहीत. 2014 मध्ये सरकारी ऊर्जा कंपनीचा हिस्सा गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेला विकायला काढला, तेव्हा सोबतचा समाजवादी पक्ष सरकारमधून बाहेर पडला.

पैशाच्या बाबतीतलं सरकणं असं गुपचूप झालं. परदेशी माणसांच्या बाबतीतलं अगदी उघड.

1999 मध्ये याच न्यूरुपनी संसदेत स्थलांतरविरोधी डॅनिश पीपल्स पार्टीला सुनावलं होतं की तुम्ही कधीच 'घरात घेण्याजोगे' होणार नाही. डॅनिशमधला शब्द पाळीव कुत्र्यामांजरांसाठी वापरतात, ज्यांना घर घाण न करण्याची सवय लागलेली असते. 2016 मध्ये आश्रयाला आलेल्यांकडची 10,000 क्रोनरच्या वरची रोकड आणि मौल्यवान वस्तू जप्त करण्याचा कायदा आला (लग्नाच्या अंगठीसारख्या भावनिक मोलाच्या वस्तू तेवढ्या वगळल्या), आणि सोशल डेमोक्रॅट्सनी बाजूने मत दिलं. 2019 मध्ये निर्वासितांना वसवण्याऐवजी परत पाठवणं हे धोरण ठरलं, त्यालाही होकार. 2021 मध्ये तर त्यांच्याच पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांच्या सरकारने स्वतःच कायदा केला: आश्रयाचे अर्ज युरोपाबाहेर तपासायची सोय.

काकांना यात उजवं काहीच दिसत नाही. "बाहेरून माणसं आली ती कुठल्या वस्तीत? आमच्या. शाळा कुठल्या बदलल्या? आमच्या. समुद्राकाठच्या बंगल्यांत कोण राहायला गेलं?" फ्रेडरिक्सनही साधारण हेच मांडत आल्या आहेत, की स्थलांतराची किंमत खालचा वर्ग मोजतो. आणि काकांकडे हुकमाचं पान आहे: आर्ने. मद्याच्या कारखान्यातल्या या कामगाराचा चेहरा पक्षाने प्रचारात वापरला, आणि 2020 मध्ये लहान वयापासून राबलेल्यांना तीन वर्षांपर्यंत आधी निवृत्त होण्याचा हक्क दिला. लोक त्याला आर्ने पेन्शनच म्हणतात. उजवा पक्ष असं करेल का, हा काकांचा सवाल. मला उत्तर सुचत नाही.

पण परदेशी लोकांवर कडक झाल्यामुळे मतदार परत आले, हे जे सगळीकडे ऐकू येतं, ते मला पटत नाही. 2015 ला या पक्षाला 26.3 टक्के मतं होती, 2019 ला 25.9. वाढली कुठे? पडली ती डॅनिश पीपल्स पार्टी, 21.1 वरून 8.7 वर. सोशल डेमोक्रॅट्सना सत्ता मिळाली हे खरं. पण 2022 मध्ये स्थलांतरविरोधी बाजूला नवे पक्ष उभे राहिले आणि बरीच मतं तिकडे गेली. घर रिकामं झालं, वस्ती तिथेच राहिली.

डिसेंबर 2022 मध्ये सोशल डेमोक्रॅट्सनी व्हेन्स्त्र आणि मॉडरेट पक्षाला घेऊन सरकार बनवलं. पहिलं मोठं काम काय, तर संरक्षणखर्चासाठी एक सुट्टी रद्द. ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारचा 'मोठा प्रार्थना दिवस', 1686 पासून चालत आलेला. पूर्वी त्या दिवशी बेकऱ्या बंद असायच्या, म्हणून आदल्या संध्याकाळी वेलदोडा घातलेले मऊ पाव घ्यायचे आणि भाजून लोणी लावून खायचे. संसदेसमोर युनियनचा मोठा मोर्चा निघाला, काकाही गुडघेदुखी विसरून त्यात गेले. कायदा झालाच. 2024 पासून तो शुक्रवार कामाचा. पाव मात्र बेकरीत आले, आणि काकांनी चार माझ्या दारात आणून ठेवले. जिन्यात वेलदोड्याचा वास पसरला होता. "कामगारांच्या पक्षाने कामगाराची सुट्टी घेतली," एवढंच बोलले.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे 2025 ला, चार वर्षं पूर्ण झाल्यामुळे मलाही पालिकेला मत देता आलं. संसदेसाठी नाही, त्याला नागरिकत्व लागतं. मतपत्रिका टेबलावर मावेना इतकी लांब, हातात पेन्सिल, प्रत्येक पक्षाला एक अक्षर. सोशल डेमोक्रॅट ए, व्हेन्स्त्र व्ही. निकाल लागला तेव्हा कोपनहेगनचं मुख्य महापौरपद सोशल डेमोक्रॅट्सच्या हातून गेलं होतं. 1938 साली ते पद निर्माण झाल्यापासून ते त्यांच्याकडेच होतं. आता तिथे समाजवादी पक्षाच्या सिसे मारी वेलिंग आल्या.

दुसऱ्या दिवशी काका कचरा टाकायला खाली आले होते. म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा ए सोडून दुसरीकडे फुली मारली. मी विचारलं, मग कुठे?

"व्हेन्स्त्र," म्हणाले, आणि ठसका लागेपर्यंत हसत दार लावून घेतलं.