हे बघ काय सापडलं

एका रात्रीची गोष्ट सांगतो. साडेबारा वाजलेत, सकाळी लवकर उठायचंय, आणि मी वायरीला गाठी का पडतात यावरचा एक रिसर्च पेपर वाचत बसलोय. खरं तर बसलो होतो प्रिंटर का चालत नाहीये ते शोधायला. प्रिंटर तसाच पडलाय, एक लाल दिवा लुकलुकतोय त्याचा, आणि मी मात्र इकडे खुशीत, कारण कॅलिफोर्नियातल्या दोन शास्त्रज्ञांनी २००७ साली एका डब्यात दोरी टाकली, डबा मोटरवर गरागरा फिरवला, उघडून बघितलं गाठ पडली का, परत टाकली, परत फिरवला, असं तब्बल ३,४१५ वेळा केलं. दोरी साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर गाठ पडतच नाही, लांब असेल तर काही सेकंदांत पडते. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. त्यातलं गाठींचं गणित मला काडीचं कळलं नाही, पण तीन हजार चारशे पंधरा वेळा डबा उघडून बघणारं कोणीतरी जगात आहे याचंच मला इतकं बरं वाटलं ना!

आणि मग नेहमीचा प्रश्न. हे आता पाठवायचं कोणाला?

म्हणजे ग्रुपवर टाकता येतंच, पण ग्रुपवर टाकणं म्हणजे जिन्यात उभं राहून ओरडण्यासारखं आहे, कोणीतरी अंगठा दाखवतो, कोणीतरी त्याच्याच खाली वाढदिवसाचा केक टाकतो, विषय संपला. मला वाटतं प्रत्येक सापडलेल्या गोष्टीवर एका माणसाचा पत्ता आधीच लिहिलेला असतो. गाठींच्या पेपरवर माझ्या बहिणीचा होता, कारण बॅगेतून इअरफोन काढताना तिच्या तोंडून जे शब्द निघायचे ते मी वर्षानुवर्षं ऐकलेत. तेव्हाच पाठवला. सकाळी उत्तर आलं, 'मी वायरलेस घेतलेत.' झालं. ३,४१५ प्रयोग पाण्यात.

गाण्याच्या नादातल्या एका मित्राला मी एकदा कळवलं होतं की सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, आणि पहिल्या चार मूळ संख्या २, ३, ५, ७ यांचा गुणाकार करून वर्ग काढला की बरोब्बर ४४,१०० येतात. टीव्हीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर आवाज साठवायचा म्हणून तो आकडा तसा बसवावा लागला होता, म्हणजे तो आभाळातून पडलेला नाही. त्याचं उत्तर, 'मग?' आता या 'मग?'ला काय सांगणार. मग काही नाही. छान आहे एवढंच.

तर अशा गोष्टी नुसत्या पाठवून चालत नाहीत, सांगाव्या लागतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळलं ते त्या ईमेलच्या किश्श्यामुळे. कॉम्प्युटरवाल्यांना हा पाठ असेल, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा (सोडणार नाहीत, माहितीये मला). एका विद्यापीठातल्या सिस्टीम ॲडमिनला संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन येतो, आमचे ईमेल ५०० मैलांच्या पुढे जात नाहीयेत. तो म्हणतो, ईमेल असं चालत नाही हो. ते म्हणतात, आम्ही नीट तपासून बघितलंय. संख्याशास्त्राची माणसं, आकडे गोळा केल्याशिवाय फोन करतील का! हा वैतागून स्वतः मेल पाठवून बघतो, जवळच्या गावांना जातो, लांबच्या शहरांना जात नाही, आणि खरंच पाचशे-सव्वापाचशे मैलांवर, म्हणजे आठशेएक किलोमीटरवर, रेघ मारल्यासारखा अडतो. शेवटी सापडतं असं की कोणीतरी सर्व्हर अपडेट केला होता आणि त्या नादात मेलचा प्रोग्रॅम उलटा जुन्या व्हर्जनवर गेला होता. सेटिंगची फाइल मात्र नवी, ती जुन्याला कळेना, आणि समोरचा सर्व्हर जोडला जाईपर्यंत किती थांबायचं त्या रकान्यात पडलं शून्य. पण मशीनला शून्य थांबायलाही तीनेक मिलिसेकंद लागत होते. आणि तीन मिलिसेकंदांत प्रकाश जातो साधारण ९०० किलोमीटर. त्याहून लांबच्या सर्व्हरशी जोडणी व्हायच्या आतच मशीन नाद सोडून देत होतं.

मी ही लिंक चार जणांना पाठवली होती, चौघांनीही 'हाहा' लिहिलं, एकानेही वाचली नव्हती. नंतर एकदा लाइट गेलेले, सगळे नुसतेच बसलेलो, तेव्हा मी ती तोंडी सांगितली, मध्ये मध्ये थांबत, प्रमुखांचा आवाज काढून वगैरे, आणि 'प्रकाश' शब्द आला तेव्हा त्या चौघांतलाच एक 'आयला!' म्हणून ओरडला आणि मला म्हणाला, अरे हे असलं काही तू पाठवत का नाहीस आम्हाला? बरं, जाऊन-येऊन अंतर धरलं तर हिशोब जुळत नाही अशी खुसपटं काढणारेही पुष्कळ निघाले, त्यांच्यासाठी मूळ लिहिणाऱ्याने वेगळी प्रश्नोत्तरंच करून ठेवलीत. मला ती पण वाचायला आवडतात.

लिंकांवर माझा तसाही विश्वास उरलेला नाही. पूर्वी मी सगळं बुकमार्क करून ठेवायचो, फोल्डरात फोल्डर, 'निवांत वाचू' नावाचं एक होतं. ते मध्ये उघडलं तर निम्मी पानं गायब. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी सापडतच नाहीत. त्यामानाने माझं फोल्डर जरा जास्तच अभागी निघालं. निवांतपणा आलाच नाही तो नाहीच.

फजितीही होते. बगचा किस्सा मी असाच उत्साहात पाठवला होता, की ९ सप्टेंबर १९४७ला हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरमध्ये खराखुरा पतंग, म्हणजे किडा (इंग्रजीत बग), सापडला, तो वहीत चिकटवला, आणि तेव्हापासून बिघाडाला बग म्हणतात. ऑफिसातल्या एका शांत मुलीने दोन ओळींत माझी हवा काढली. एडिसन हा शब्द १८७८ सालच्या पत्रात वापरतो. आणि वहीत काय लिहिलंय ते नीट वाच, बग सापडल्याची ही पहिली 'खरीखुरी' केस, म्हणजे शब्द आधीपासून होता म्हणून तर तो विनोद झाला ना! इतकं उघड होतं ते, आणि मी किमान दहा जणांना पाठवून बसलो होतो. दहाही जणांना दुरुस्ती पाठवली. त्यातल्या सहा जणांनी विचारलं, कुठला बग?

आता राहिले काका. काकांना मी काहीही पाठवलं तरी उत्तर 'छान' येतं. कृष्णविवराचा फोटो, छान. ब्लड टेस्टचा रिपोर्ट चुकून गेला, छान. नासाचं व्हॉयेजर १ यान २०२३च्या नोव्हेंबरात बरळायला लागलं, एक चिप गेली होती, इंजिनिअरांनी तिच्यातला कोड इकडेतिकडे जागा करून बसवला आणि २०२४च्या एप्रिलमध्ये ते परत शुद्धीवर आलं, तेव्हा एक निरोप जायला साडेबावीस तास, तितकेच उत्तर यायला. हे मी किती रंगवून लिहिलं होतं. छान. (आमच्या ग्रुपपेक्षा लवकर रिप्लाय येतो ते सोडा.)

पण त्याच्याच शेपटीला मी सहज लिहिलं की त्या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची, आणि १९७७च्या सप्टेंबरात यान उडालं त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. आणि मग एक प्रश्न, की इतकी मोठी बाई, तिला साडेतीनच मिनिटं का दिली असतील?

दहा मिनिटांत फोन वाजला. काका कधी फोन करत नाहीत.

"अरे, नासाने नाही कापलं ते. रेकॉर्डची बाजूच तेवढी असायची! मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी, तीन-साडेतीन मिनिटांत खेळ खलास. गाणाऱ्याने त्यात सगळं बसवायचं, आलाप, ताना, सगळं." मग पाऊण तास ग्रामोफोनला चावी कशी द्यायची, सुई दर बाजूला का बदलायची, जुन्या सुईने खरखर कशी वाढते, लाखेची तबकडी हातातून पडली की कशी कपबशीसारखी फुटते. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. शेवटी सवयीने विचारलं, काका, हे सगळं कुठे वाचलंत तुम्ही?

"वाचायचं काय त्यात? थोरले सगळे गाणं ऐकत बसायचे, दर तीन मिनिटांनी उठून ती उलटायची कोणी? मीच ना!"