भावना-तक्ता: षष्ठीची गाठ अर्धी सुटली

भावनेच्या कोणत्या नामाला कोणतं क्रियापद आणि कोणती विभक्ती चालते याचा तक्ता करतोय. त्यातला 'लागणे'चा गट एकदाचा लावून झाला. हुरहुर, रुखरुख, ओढ, लळा सगळे जागेवर बसले. 'काळजी'ला मात्र चार ओळी द्याव्या लागल्या: ती वाटते, लागते, करतात आणि घेतात. घेतली की भावना बाजूला राहते आणि काम सुरू होतं. हे सापडल्यावर फार बरं वाटलं.

बाकी सगळा वेळ षष्ठीने, म्हणजे 'चा-ची-चे'ने, खाल्ला. 'आईचा राग आला' यात आई रागाचं कारण, 'आईचा राग ओसरला' यात रागावलेली तीच. मागे ठरलेली 'क्रियापद बघा' ही युक्ती बरीच चालते: येणे, वाटणे असलं की भावना ज्याची तो 'ला' घेतो आणि 'चा' कारणासाठी मोकळा राहतो. पण क्रियापद काढून नुसतं 'त्याची भीती' उरलं की घाबरलेला तो की घाबरवणारा? 'प्रेम' इथे सरळ वागतं: 'आईचं प्रेम' आईच्याच मनातलं, आपल्याला वाटतं ते 'आईवरचं'. माया, विश्वास याच वळणाचे. पाणिनीच्या संस्कृत व्याकरणात भीतीचं कारण अपादान (ज्याच्यापासून दूर व्हायचं ते), म्हणून पंचमीत; ज्याच्यावर राग तो संप्रदान (ज्याला द्यायचं तो), म्हणून चतुर्थीत. मराठीने दोघांनाही षष्ठीत कोंबलं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ची आवृत्ती) पुन्हा उघडला. नामाबरोबर कोणतं क्रियापद चालतं ते तो देतो, कित्येक नोंदींत षष्ठी कर्माची, म्हणजे भावना ज्याच्याबद्दल आहे त्याची, हेही सांगतो. आजची कोश-ॲपं 'राग: पु., क्रोध' एवढ्यावर हात झटकतात. त्यांच्या भरवशावर तक्ता करू नका.

मग दोन्ही षष्ठ्या, भावना ज्याची त्याची आणि कारणाची, एकत्र ठेवून पाहिल्या. 'माझी पाण्याची भीती गेली' झकास. 'माझा अभ्यासाचा कंटाळा' तोही चालला. 'माझा त्याचा राग' साफ पडला. तिथे 'त्याच्यावरचा'च हवं. म्हटलं, सुटलं! पाणी काही घाबरत नाही, म्हणून घोटाळा नाही; निर्जीव कारण असेल तर दोन षष्ठ्या चालतात. नवा रकाना आखलासुद्धा.

तेवढ्यात 'तिचा पालींचा तिटकारा' आठवला. पाली चांगल्या जिवंत, तरी वाक्य ठणठणीत. उलट 'माझा त्याच्या वागण्याचा राग' यात वागणं निर्जीव, तरी कान कुरकुरतो. म्हणजे प्रश्न सजीव-निर्जीवाचा नसून मुरलेल्या भावनेचा दिसतो. भीती, कंटाळा, तिटकारा, आवड ही स्वभावात घर करून बसलेली. त्यांना दोन षष्ठ्या पेलतात. प्रसंगापुरत्या उसळलेल्या रागाला नाही. आखलेला रकाना पुसून तिथे 'मुरलेली / प्रसंगाची' असं लिहिलं. लिंगानुसार क्रम लावायचं काम त्यामुळे मागे पडलं, पडू दे.

आता 'अभिमान' आडवा आलाय. 'तिचा भाषेचा अभिमान' चालतं, 'तिचा मुलाचा अभिमान' अडखळतं, आणि दोन्ही मुरलेलेच की! बहुधा एखादी ठराविक व्यक्ती आली की षष्ठी बिचकते. म्हणून यापुढे प्रत्येक नामाला तीन वाक्यं: एक वस्तूचं, एक अख्ख्या जातीचं, एक ठराविक माणसाचं. 'हेवा' आणि 'लाज' आधी घेतोय. 'कीव' कुणाला हवी असेल तर घ्या, मी तिला हात लावलेला नाही.