आण्णांच्या ताब्यातली पाण्याची टाकी

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे आई-वडील आले की पहिले दोन आठवडे कौतुकात जातात आणि मग त्यांना वेळ खायला उठतो. आई-आण्णा न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला आमच्याकडे आले तेव्हा हेच झाले. भांड्यांना यंत्र, कपड्यांना यंत्र, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि त्यात लेकीच्या घरी किती दिवस राहायचे हा आमच्याकडचा जुना संकोच. आण्णा अंगणात खुर्ची टाकून बसत आणि चहा हवा असला तरी मागत नसत. जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, आम्ही सहा जणांच्या झोपण्याची सोय असलेले मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, भाड्याने घेतले आणि देशाच्या दक्षिण बेटावर फिरलो. इथल्या निसर्गाची वर्णने मराठीत पुष्कळ वाचायला मिळतात. मला लिहायचे आहे ते त्या गाडीत आई-आण्णा पुन्हा घरातली कर्ती माणसे झाली, त्याबद्दल.

न्यूझीलंडमध्ये मोटारहोम घेऊन ठरलेल्या तळाबाहेर, मोकळ्या जागी मुक्काम करायचा असेल, तर गाडी स्वयंपूर्ण असल्याचे प्रमाणपत्र लागते. गाडीत राहणाऱ्यांना बाहेरची कोणतीही सोय न वापरता किमान 3 दिवस काढता आले पाहिजेत, आणि त्यासाठी माणशी दिवसाला 4 लिटर पाणी धरलेले असते. वापरलेले सांडपाणीही बाहेर सोडता येत नाही. तेही गाडीखालच्या दुसऱ्या टाकीत साठवून ठरलेल्या जागीच रिकामे करायचे. 2023 च्या कायद्याने गाडीतले शौचालय कायमचे बसवलेले असणेही सक्तीचे केले. म्हणजे घरात जे नळ, गटार आणि मीटर यांच्याआड दडलेले असते, ते सगळे इथे डोळ्यांसमोर येते आणि कोणीतरी त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

आण्णांनी ती पहिल्याच संध्याकाळी घेतली. आमचे गाव जत तालुक्यातले. टँकर कधी येणार यावर दिवसाची कामे ठरतात, अशी वर्षे त्यांनी काढली आहेत. माणशी 4 लिटर हे माप ऐकून ते म्हणाले, “पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरेल, पण भांड्यांचं आधी ठरवा.” ते त्यांनीच ठरवले. ताटे आधी कागदाने पुसायची, मग एकाच पातेल्यात साबणाच्या पाण्यातून काढायची आणि शेवटी तांब्याने वरून विसळायची. नळ सोडून भांडी घासायची नाहीत. दाराजवळच्या फळीवर टाक्यांची पातळी दाखवणारे दिवे होते. आण्णा रोज सकाळी चष्मा लावून ती फळी पाहत आणि मुलांना सांगत, आज आंघोळी इथे की पुढच्या तळावर. आमच्या घरी नळाखाली पाणी वाहते ठेवून दात घासणारी माझी मुले आजोबांना विचारून पाणी घेऊ लागली. मी इतकी वर्षे सांगून जे झाले नव्हते, ते आजोबांच्या हातात अधिकार आल्यावर दोन दिवसांत झाले.

शौचालयाची पेटी रिकामी करण्यावरून मात्र पेच आला. ही पेटी गाडीच्या बाहेरच्या बाजूने ओढून काढायची, चाकांवर ढकलत नेऊन ठरलेल्या जागी ओतायची आणि धुऊन परत बसवायची. माझा नवरा हे काम मुकाट्याने करत होता. तिसऱ्या सकाळी आण्णा त्याच्या आधी बूट घालून उभे राहिले. “जावईबापू, तुम्ही रोज हे करणार आणि मी खुर्चीत बसून बघणार, हे मला शोभत नाही.” जावयाला सासऱ्याकडून असले काम करून घेणे जड, सासऱ्याला जावयाकडून. बराच वेळ दोघे “राहू द्या, राहू द्या” करत राहिले. शेवटी पाळ्या लागल्या आणि त्यात माझ्या मुलाचेही नाव आले. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या माथी मारले गेले आणि ती माणसे दूर ठेवली गेली. माझे वडील आणि त्यांचा नातू ती पेटी दोन्हीकडून धरून चालले आहेत, हे दृश्य मला कोणत्याही हिमशिखरापेक्षा मोलाचे वाटते.

आईचे राज्य शेगडीवर होते. गाडी निघण्यापूर्वी सिलिंडरचा नॉब बंद, छताची खिडकी बंद, विजेची वायर काढून गुंडाळलेली आणि सगळ्या कप्प्यांच्या कड्या लागलेल्या असाव्या लागतात, नाहीतर पहिल्याच वळणावर डबे खाली येतात. ही शेवटची पाहणी आईची असे, आणि तिने “चला” म्हटल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. पाणी आणि गॅस दोन्ही वाचावे म्हणून ती कुकरमध्ये खाली डाळ आणि वर भात लावी. रात्री जेवणाचे टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या टाकल्या की तिथेच दोघांचे अंथरूण होई. त्यामुळे पत्त्यांचा डाव कितीही रंगला तरी एकाला झोप आली की सगळ्यांना उठावे लागे. हास्टच्या बाजूला, पश्चिम किनाऱ्यावर, दिवसभर पाऊस कोसळत होता. बाहेर पाऊल टाकावे तर सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या घोट्यांना फोडून काढतात. त्या दिवशी आईने थालीपिठे लावली, आण्णांनी मुलांना पाच-तीन-दोन शिकवला, आणि मुलांचे मराठी त्या एका दिवसात जेवढे सुटले तेवढे रविवारच्या वर्गात सुटलेले मी पाहिले नाही. हुकूम बोलायचा, हात ओढायचे, लबाडी पकडायची, म्हणजे बोलावेच लागते.

टेकापो आणि पुकाकी ही सरोवरे वाटेत लागली. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे पीठ पाण्यात तरंगत असल्यामुळे त्यांचा रंग दुधाळ निळा दिसतो. पुकाकीच्या काठाने जाणारा रस्ता 3,724 मीटर उंचीच्या आओराकी, म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी संपतो आणि तिथेच व्हाइट हॉर्स हिल हा सरकारी तळ आहे. तारे नीट दिसावेत म्हणून हा सारा प्रदेश 2012 पासून अंधाऱ्या आकाशासाठी राखलेला आहे. जानेवारीत तिथे रात्री साडेदहाच्या पुढेच खरा अंधार पडतो, तोवर आण्णा जागे राहिले. मृग त्यांनी लगेच ओळखला, पण तो उत्तरेकडे होता आणि उलटा. व्याध त्याच्याही वर चढलेला. गावाकडे दक्षिणेला खाली दिसणारा अगस्त्य इथे जवळजवळ डोक्यावर होता. ध्रुव इथून कधीच दिसत नाही, हे ते मुलांना समजावून सांगू लागले आणि पृथ्वीच्या गोलाईसाठी त्यांनी आईच्या टोपलीतले संत्रे घेतले. शेजारच्या गाडीतले वृद्ध जोडपेही ऐकायला आले. त्यांनी घर विकले होते आणि ती दोघे कायमची गाडीतच राहत होती. असे निवृत्त लोक इथे पुष्कळ आहेत, आणि मोटारहोमवाल्यांची देशव्यापी संघटना 1956 पासून चालू आहे. आईने मला हळूच विचारले, “घर विकलं? मग सणाला लेकरं कुठं येतात?” मी ते त्यांना इंग्रजीत विचारले. आजी हसून म्हणाल्या की लेकरे जिथे असतील तिथे आम्हीच जातो. आईला हे पटले नाही, पण सकाळी तिने त्यांना थालीपीठ नेऊन दिले.

हा प्रवास स्वस्त नाही. डिसेंबर-जानेवारीत भाडी चढलेली असतात, वर डिझेलच्या गाडीला किलोमीटरप्रमाणे रस्ताकर पडतो. साडेतीन टनांवरच्या गाडीला मोकळ्या रस्त्यावरही ताशी 90 किलोमीटरची मर्यादा असते, आणि टेकापो-पुकाकीच्या भागातल्या मॅकेन्झीच्या पठारावर वारा सुटला की तेवढाही वेग नको वाटतो. चालत्या गाडीत सगळ्यांनी पट्टे बांधून बसायचे असते. आईला वाटले होते तसा वाटेत चहा करता येत नाही. तरीही ज्यांचे आई-वडील यंदा इकडे येणार आहेत, त्यांनी हा विचार जरूर करावा. शाळा उघडल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघावे, कारण तेव्हा तळांवरची गर्दी ओसरते. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग शिडीचा असतो, तो मुलांना द्यावा. वडीलधाऱ्यांसाठी खालचा पलंग आणि दाराला रुंद पायरी आहे का ते आधी पाहावे. आणि गाडी ताब्यात घेताना कंपनीचा माणूस टाक्या, सिलिंडर आणि पेटी दाखवतो, तेव्हा आई-वडिलांना बरोबर उभे करून प्रत्येक गोष्ट त्यांना मराठीत समजावून सांगावी.